व्हेनिसमधला एक दिवस आणि, आग्रहास्तव, एक रात्र

पाटीपेन्सिल | २५ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:५२

दिवाळीत ज्या ज्या घरी फराळाला गेले, त्या त्या घरी एकच प्रश्न. "काय गं, नाइटलाइफ कसं होतं तिकडे?" कुणी कुजबुजत विचारलं, कुणी मुद्दाम आईसमोर मोठ्याने. चौथ्या वर्षाच्या आर्किटेक्चरचा अभ्यासदौरा, बावीस मुलं, दोन सर, दहा दिवस इटली. आणि बडोद्यातल्या आमच्या अख्ख्या दांडिया बाजाराला काळजी कसली, तर मी तिकडे रात्री काय केलं याची. गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यात राहिल्याने असं होत असावं. म्हणून एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुढच्या घरी चकली तरी सुखाने खाता येईल. रात्र शेवटी येईल. मधला दिवस गाळून वाचायचा नाही.

कोजागिरीचं दूध पिऊन दुसऱ्या दिवशी निघालो. व्हेनिसचा वार गुरुवार होता. राहायची सोय मेस्त्रेला, म्हणजे व्हेनिस ज्या उथळ खाऱ्या पाण्यात उभं आहे त्या खाजणाच्या अलीकडे, पक्क्या जमिनीवर, कारण व्हेनिसमध्ये राहणं कॉलेजला परवडत नाही. सकाळची गाडी पकडली की दहा मिनिटांत लांबलचक पुलावरून सांता लुचिया स्टेशन. गर्दी आपल्या अहमदाबादच्या गाडीतल्या पासहोल्डरांसारखीच, फक्त कुणी पत्ते काढत नाही. स्टेशनाबाहेर आलात की पायऱ्या, आणि पायऱ्यांपुढे रस्ता नाहीच, सरळ पाणी. हजार फोटो पाहिलेले असूनही पाय एकदा थबकतोच.

सरांनी बोटीत बसू दिलं नाही. शहर पायांनी वाचायचं म्हणे. बोटीचं एका फेरीचं तिकीट साडेनऊ युरो, त्यामुळे सरांच्या तत्त्वज्ञानाला हिशेबाचीही बाजू होती.

पहिलं ठिकाण क्वेरीनी स्टॅम्पालिया. हे नाव लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. सोळाव्या शतकातला वाडा. शेवटचा वारस जोव्हान्नी क्वेरीनी १८६९ मध्ये गेला, तेव्हा घर, ग्रंथालय, चित्रं, सगळं शहरासाठी ठेवून गेला. पुढे भरतीचं पाणी दरवर्षी तळमजल्यात शिरून तो मजला अगदी वाया गेला होता. त्याचं काम १९६१ ते ६३ मध्ये कार्लो स्कार्पाने केलं. (या माणसाकडे आर्किटेक्टचा परवाना नव्हता. आमच्या वर्गात हे वाक्य फार लोकप्रिय आहे, विशेषतः निकालाच्या आठवड्यात.)

आता मला सांगा, घरात पाणी शिरतंय म्हटल्यावर तुम्ही आम्ही काय करू? अडवू. भिंत घालू, पत्रा लावू, पोती टाकू. स्कार्पाने पाण्यासाठी दार ठेवलं. कालव्याच्या बाजूला लोखंड-पितळेचं जाळीदार फाटक आहे, त्यातून भरतीचं पाणी आत येतं, दगडी पायऱ्या चढतं आणि खोलीच्या कडेकडेने फिरतं. माणसांसाठी मधून उचललेली वाट. तिच्या दोन्ही कडा वर वळवलेल्या, जणू परात उलटी न ठेवता सुलटी ठेवली आणि आपण परातीतून चालतोय. पाणी परातीबाहेर. पुढच्या दालनात जमिनीचा दगड भिंतीवरही थोडा वर चढवलाय, पाणी आलंच तर दगडाला लागेल, गिलाव्याला नाही. पौर्णिमा नुकतीच झालेली, पण त्या दिवशी पाणी खालच्या पायऱ्यांवरच थांबलं होतं. दगडावर ओली हिरवी रेघ मात्र स्पष्ट.

बाकीचे स्केच करत होते. मी पिशवीतून मोजपट्टी काढली, वाटेची उंची घ्यायला. पट्टी अर्धी उघडते न उघडते तोच देखरेख करणारी बाई धावत आली आणि बरंच काही बोलली. भाषा येत नसल्यामुळे अपमान निम्माच झाला.

मी का मोजत होते ते बडोद्याच्या समा भागात राहणाऱ्यांना सांगायला नको. ऑगस्ट २०२४, गोकुळाष्टमी. आमची विश्वामित्री नदी ३५ फुटांच्या वर गेली, आमच्या तळमजल्यात पाणी तीन दिवस. आम्ही गच्चीवर, आणि खाली फ्रिज आडवा होऊन या खोलीतून त्या खोलीत फिरतोय. पाणी उतरल्यावर बाबांनी भिंतीवर पेन्सिलने रेघ मारली आणि तारीख लिहिली. ४ फूट २ इंच. नंतर आम्ही काय केलं? कंपाउंड दीड फुटाने वाढवलं आणि फाटकाला लोखंडी पत्रा बसवला. अडवायचंच. दुसरं काही करता येतं हे सुचलंच नव्हतं.

तिथून सान मार्कोच्या चौकात. तिथल्या मोठ्या चर्चभोवती, बॅसिलिकाभोवती, आता काचेची बुटकी भिंत आहे, कारण चौक शहरातल्या सगळ्यात सखल भागात येतो. कडेला लोखंडी घडीचे फलाट रचून ठेवलेले, पाणी आलं की लोकांना चालायला. चौकातच स्कार्पाचं ऑलिवेत्तीचं दुकान आहे, १९५८ चं, टाइपरायटर मांडायला केलेलं. जिना बघायला सगळे जातात, कारण त्याच्या संगमरवरी पायऱ्या अधांतरी तरंगतात. मी जमिनीकडेच बघत बसले. काचेचे बारीक वेडेवाकडे तुकडे, दारापाशी लाल, दुसरीकडे निळे, पिवळे. अहो, ही तर आजोबांच्या घरची मोझेइक! दर दहा वर्षांनी मशीन आणून घासून घेतात, आठवडाभर घरभर पांढरा चिखल होतो, तीच जात. व्हेनिसच्या वाड्यांत अशा जमिनी चुन्यात संगमरवराचे तुकडे दाबून करत. सरांनी कारणही सांगितलं. इमारती मऊ चिखलात रोवलेल्या लाकडी खांबांवर उभ्या, त्या थोड्या हलणारच. चुन्याची जमीन त्यांच्याबरोबर हलते, चटकन तडकत नाही.

दुपारी थेपले काढले. चौकाच्या पायऱ्यांवर बसून खायला मनाई आहे हे माहीत नव्हतं. लाल-पांढऱ्या जाकिटातला माणूस आला, "नो पिकनिक". दंड नाही झाला. पण छुंद्याचा डबा उघडाच घेऊन अकरा जणांनी पूल ओलांडलाय.

मग बिनाले, म्हणजे आर्किटेक्चरचं मोठं प्रदर्शन. त्यावर वेगळा धागा काढीन, पाय अजून दुखतायत. फक्त एक सांगते. अर्सेनालेत, म्हणजे तिथल्या जुन्या जहाजगोदीत, एक कॅफे मांडला होता, त्यात खाजणाचं खारं पाणी वनस्पती आणि गाळण्यांतून शुद्ध करून त्याची एस्प्रेसो देत होते. यंदा गोल्डन लायन, म्हणजे प्रदर्शनाचं मोठं बक्षीस, मिळालंय त्याला. मी प्यायले. कॉफीसारखीच होती.

आणि आता, मंडळी, रात्र.

सहाला बिनाले बंद. सरांनी साडेअकराची वेळ दिली आणि स्वतः मेस्त्रेला झोपायला गेले. आम्ही सहा जण उरलो. व्हेनिसमध्ये बाकारो म्हणून बोळाएवढी दुकानं असतात, फळीवर चिकेत्ती मांडलेले. म्हणजे पावाच्या बोटभर तुकड्यावर काहीबाही. माशांचे असंख्य प्रकार, पण वांगं, चीज-अक्रोड, आटिचोक असं शाकाहारीही मिळतं. दोन युरोला एक. उभ्याने खायचं, दोन खाऊन पुढच्या दुकानात. आपली रात्रीची खाऊगल्लीच, फक्त ढकलाढकली हळू आवाजात. स्प्रिट्झ घेतली, म्हणजे तिथलं वाइनचं पेय. होय, घेतली. आई हे वाचणार आहे, तिला सांगून झालंय. नारिंगी रंग बघून सरबत वाटलं, चव निघाली काढ्याची. अर्धी मैत्रिणीला दिली.

साडेआठच्या सुमारास सांता मारिया फोर्मोझाच्या चौकातून परत जाताना वर बघितलं तर सकाळच्या त्याच वाड्यात वरच्या मजल्यावर दिवे, आणि दिव्याखाली वाकलेली डोकी. लोक वाचत बसले होते. खाली सगळी दुकानं बंद.

मग सांता मार्गेरिता, विद्यार्थ्यांचा चौक. दोनतीनशे पोरं ग्लास घेऊन उभी, गप्पा, एक गिटार. त्यापलीकडे संगीत नाही, नाच नाही. आमच्यातल्या एकीने गरब्याचं दोन ताळीचं पाऊल टाकून दाखवलं तर चार इटालियन मुली शिकायला आल्या. एवढ्यात वरच्या खिडकीतून एक आजी ओरडली. शब्द कळले नाहीत, पण कारेलीबागेतल्या आजी हेच आणि याच सुरात ओरडतात. सगळे गप्प झाले. सव्वाअकरा वाजले होते.

तिथून खरी रात्र सुरू झाली, कारण आम्ही रस्ता चुकलो. फोनचा निळा ठिपका गल्लीगल्लीत उड्या मारत होता. एक बोळ, उजवीकडे, अजून एक बोळ, आणि एकदम पाणी. पुढे काही नाही. परत फिरा. एकही गाडी नाही, हॉर्न नाही, आपल्याच चपलांचा आवाज भिंतीवरून परत येतो. कमी होत गेलेला चंद्र कालव्यात. जुन्या शहरात आता पन्नास हजारही माणसं राहत नाहीत, १९५१ साली पावणेदोन लाख होती. दिवसाची गर्दी परत गेली की खिडक्या काळ्या दिसतात त्या त्यामुळे. बडोद्यात नवरात्रात याच वेळी मैदानात पाय ठेवायला जागा नसते. आमचं नाइटलाइफ त्यांच्यापेक्षा जोरात आहे, खरं सांगते.

शेवटची सोयीची गाडी गेली. पियात्साले रोमाहून रात्रीची बस, मेस्त्रेला पोचलो एक वाजता. सर लॉबीत बसले होते. पुढचं लिहीत नाही.

---

सेवउसळ_जास्ततिखट | २५ ऑक्टोबर, रात्री ११:०३

मी पहिला! आता वाचतो.

---

सेवउसळ_जास्ततिखट | २५ ऑक्टोबर, रात्री ११:२१

वाचलं. परातीतून चालणं लय भारी. पण सर पुढे काय बोलले ते लिही ने. आणि त्या कॅफेवाल्यांना कुणीतरी विश्वामित्रीचं पाणी पाठवा. त्यातून एस्प्रेसो काढून दाखवली तर लायन काय, आपण नदीतली मगर देऊ बक्षीस.

---

मांडवीकाका | २६ ऑक्टोबर, सकाळी ६:४०

लेखन चांगले आहे. परंतु अभ्यासदौऱ्याचा खर्च पालक करतात तो चौकात ग्लास घेऊन उभे राहण्यासाठी नव्हे, हे नमूद करतो. आमच्या वेळी सहल म्हणजे चांपानेर आणि पावागड. रात्री आठला घरी.

---

पाटीपेन्सिल | २६ ऑक्टोबर, सकाळी ९:१५

काका, आम्हालाही पहिल्या वर्षी चांपानेरलाच नेलं होतं. रात्री आठला घरीही आलो. पण तिथे वाटेत गाडीखाली म्हैस आली असती, इथे निदान सगळे पायी होते. ग्लास अर्धा होता, वर लिहिलंय.

---

रावपुरा७८ | २६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

मी पाटबंधाऱ्यात ३४ वर्षं काढली, त्यामुळे थोडं पाणी ओततो.

बाळ, स्कार्पाचं काम सुंदर आहे, फोटो मीही पाहिलेत. पण दोन पाण्यांत गल्लत करतेस. त्याचं पाणी भरतीचं. सहा तासांत चढतं, सहा तासांत उतरतं, वेळापत्रक छापून मिळतं, आणि येतं ते बहुतेक वेळा वीतभर. तुझ्या घरात आलं ते नदीचं. वरच्या भागातला पाऊस, आजवा धरणाचं पाणी, त्यात शहरात पडलेला पाऊस. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ २० इंच पडला होता, आठवत असेल. हे पाणी तीन दिवस ठाण मांडतं, गाळ आणतं, आणि ड्रेनेजमधून उलटं वर येतं. तुझा पत्रा म्हणूनच उपयोगाचा नाही. पाणी फाटकातून येतच नाही, ते न्हाणीच्या जाळीतून येतं. आणि सवाचार फूट पाण्यात उचललेली वाट करायची म्हटली तर तुमच्या घराचा पहिला मजलाच होईल ती.

व्हेनिसलासुद्धा नुसतं दार उघडून भागलेलं नाही. समुद्रात दरवाजे बसवलेच ना त्यांनी?

---

पादोवाकर | २६ ऑक्टोबर, दुपारी ३:१०

रावपुरा काका बरोबर. मी इथे पादोवात अकरा वर्षं आहे, व्हेनिस अर्ध्या तासावर. लिदो, मालामोक्को आणि क्योज्जा ही खाजणाची तीन तोंडं, तिथे तळाशी ७८ पोकळ दरवाजे बसवलेत. एरवी पाणी भरून तळाला झोपलेले असतात. मोठी भरती येणार असली की आत हवा भरतात, पाणी बाहेर जातं, दरवाजे उठून उभे राहतात. ३ ऑक्टोबर २०२० ला पहिल्यांदा खऱ्या भरतीला वापरले. त्याआधी १२ नोव्हेंबर २०१९ ची रात्र मी विसरणार नाही. १८७ सेंटिमीटर पाणी, १९६६ च्या १९४ नंतरचं सगळ्यात जास्त. गंमत बघा, बडोदं आणि व्हेनिस एकाच वर्षी बुडाले.

पण दरवाजे साधारण ११० सेंटिमीटरच्या अंदाजालाच उठवतात. सारखे उठवले तर बंदराची जहाजं अडतात आणि खाजणाचं पाणी आतल्या आत कोंडतं. सान मार्को त्याच्या कितीतरी आधी भिजायला लागतो. म्हणून काचेची भिंत, म्हणून ते फलाट, म्हणून स्कार्पा अजून कामाचा. मोठं पाणी समुद्रात अडवतात, छोट्या पाण्याला घरात जागा देतात.

दोन पुरवण्या. एक, रात्री वाचत बसलेली डोकी दिसली त्याला कारण आहे. क्वेरीनीने मृत्युपत्रातच लिहून ठेवलं होतं की बाकीची ग्रंथालयं बंद असतील त्या वेळी, विशेषतः संध्याकाळी, हे उघडं ठेवावं. दीडशे वर्षं पाळतायत. पोरी, तू ज्याला नाइटलाइफ म्हणत नाहीस तेच तिथलं सगळ्यात जुनं नाइटलाइफ आहे.

दोन, स्प्रिट्झमध्ये कोणतं मद्य घातलं होतं? आपेरोल १९१९ चं आणि आमच्या पादोवाचं, गोड. सेलेक्ट १९२० चं, व्हेनिसचं, कडू. काढा लागला म्हणजे तुला सेलेक्ट दिलं. परकी पोरं बघून त्यांनी अस्सल दिलं हा सन्मान समज.

---

फतेगंजची_आई | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

माझी मुलगी पुढच्या वर्षी जाणार आहे, दुसऱ्या कॉलेजातून. पाणी विकत घ्यावं लागतं का? स्वच्छतागृहांचं काय? आणि रात्री एक वाजता बसमध्ये भीती नाही वाटली? खरं सांग हं, आईला सांगितलंस ते नको.

---

पाटीपेन्सिल | २६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:२०

काकू, पाणी विकत नका घेऊ देऊ, गल्लोगल्ली नळ आहेत आणि ते प्यायचं आहे. बाटली द्या फक्त. स्वच्छतागृहाला दीडेक युरो पडतात, म्हणून प्रत्येक संग्रहालयात आठवणीने जायचं, तिकिटात येतं. पायात नवे बूट नकोत. पूल चारशेच्या वर आहेत आणि प्रत्येकाला पायऱ्या.

बसमध्ये नाही वाटली, हॉटेलांत काम करून घरी जाणारे लोकच होते, अर्धे बांगलादेशी. एकाने "इंडिया?" विचारून उतरायचा थांबा सांगितला. भीती वाटली ती त्याआधी, कार्ड चाललं नाही तेव्हा. इथल्या एका बँकेने दिलेलं फॉरेक्स कार्ड ऐन तिकिटाच्या वेळी दोनदा नाकारलं गेलं, आणि हेल्पलाइनवर बासरी वाजत होती. मुलीला पन्नास युरो रोख वेगळे द्या, पासपोर्टच्या पिशवीत नाही, दुसरीकडे.

---

कोथरूडकर | २६ ऑक्टोबर, रात्री ८:०२

छान लिहिलंय. बडोद्यात अजून एवढं शुद्ध मराठी बोलतात हे माहीत नव्हतं.

---

सेवउसळ_जास्ततिखट | २६ ऑक्टोबर, रात्री ८:०४

आला. दर धाग्यावर एक येतोच.

---

मांडवीकाका | २६ ऑक्टोबर, रात्री ८:३०

कोथरूडकर, आमच्याकडे राजानेच मराठीत आणि गुजरातीत कारभार केला. आपण चिंता करू नये.

---

त्रिवेणी | २६ ऑक्टोबर, रात्री ९:५०

पाटीपेन्सिल, तू मोझेइक बघायला व्हेनिसला गेलीस, आता लक्ष्मी विलासच्या दरबार हॉलमध्ये जा आणि खाली बघ. ती जमीन व्हेनिशियन मोझेइकचीच. १८९० चा राजवाडा. शाळेच्या सहलीत आपण सगळे रंगीत काचा बघत मान वर करून फिरलो, पायाखाली कुणी पाहिलं नाही.

आणि पादोवाकरांनी रात्रीच्या ग्रंथालयाचं लिहिलंय म्हणून आठवलं. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल आणला, त्याने इथली ग्रंथालयं उभी केली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पुस्तकांच्या मजल्यांना काचेच्या लाद्या आहेत, वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. मी कॉलेजात असताना तिथे बसायचे. वरून कुणी चाललं की त्यांच्या चपलांच्या सावल्या पुस्तकांवरून सरकायच्या. सासरी बारा माणसं होती, माझं सगळं नाइटलाइफ दुपारी चार ते सहा तिथेच झालं.

---

पाटीपेन्सिल | २६ ऑक्टोबर, रात्री ११:१०

त्रिवेणीताई, चपलांच्या सावल्या! उद्याच जाते.

रावपुरा काका, तुमचं वाचून आधी राग आला. मग बाबांना दाखवलं. ते म्हणाले, न्हाणीच्या जाळीचं अगदी बरोबर आहे, पहिलं पाणी तिथूनच वर आलं होतं, फाटक कोरडं असताना. म्हणजे दीड फूट कंपाउंड आम्ही पाणी आत कोंडून ठेवायला बांधलं.

वाटेबद्दल मी चुकले, सवाचार फुटांना ती चालणार नाही. पण मला स्कार्पाची वाट उचलून आणायची नाहीये. त्याने आधी ठरवलं की पाणी येणार. मग प्रत्येक वस्तू त्या हिशेबाने ठेवली. खाली दगड, गिलावा वर, लाकूड त्याहून वर. आमच्याकडे पूर ओसरल्यावर पुन्हा प्लायचंच कपाट केलं, त्याच भिंतीला, जमिनीला टेकवून. बटणांचे बोर्ड होते त्याच उंचीवर परत बसवले. पेन्सिलच्या रेघेच्या खाली! रेघ समोर दिसत असताना! घरात एक आर्किटेक्चरची विद्यार्थिनी असताना!

---

रावपुरा७८ | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:०५

आता बोललीस. राग आला ते बरं झालं.

एक अजून. पादोवाकर म्हणतात तसं, मोठं पाणी बाहेर आणि छोटं घरात. आपल्या मोठ्या पाण्याची जागा होती ती. विश्वामित्रीच्या दोन्ही काठांची कोतरं, म्हणजे घळी. लहानपणी आम्ही त्यांत उतरून बोरं काढायचो. पूर आला की पाणी आधी कोतरांत पसरायचं, मग वस्तीकडे बघायचं. एकेक कोतर डबराने भरलं, वर प्लॉट पाडले, सोसायट्या झाल्या. माझ्या नोकरीच्या काळात झालं हे, मी फायलींवर शेरे मारले, त्यापलीकडे काही केलं नाही. तुझा तो इटालियन वाड्याला पाण्याचं दार ठेवतो, आपल्या नदीला निसर्गाने दिलेली होती तेवढी दारं आपण बुजवली. मगरी सोसायटीच्या जिन्यात सापडतात त्या वाट चुकून नाही, त्यांचं तेच जुनं घर आहे.

---

मांडवीकाका | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:३०

हे मात्र खरे आहे. परशुराम भट्ट्याला माझ्या बहिणीकडे दोनदा पाणी आले. धागा उपयुक्त आहे. नाइटलाइफचा भाग वगळून मुलांना वाचायला देता येईल.

---

सेवउसळ_जास्ततिखट | २७ ऑक्टोबर, सकाळी ९:४४

काका, तेवढाच भाग वाचतील ती. सर काय बोलले ते अजून राहिलंय, विसरलो नाही मी.

---

पाटीपेन्सिल | २७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

सर काही बोललेच नाहीत. घड्याळाकडे बघितलं, आम्हाला मोजलं, सहा भरले, आणि मशीनमधून स्वतःच्या पैशाने सहा कप गरम चॉकलेट काढून दिलं. दुसऱ्या दिवशी व्हेरोनाच्या गाडीत मात्र आम्हा सहा जणांनाच प्रत्येकी एक सेक्शन, म्हणजे इमारतीच्या उभ्या छेदाचं चित्र, जास्त काढायला लावला. क्वेरीनीचा. उंचीसकट. मोजपट्टी तर जप्त झाली होती, मग आठवणीतून पायऱ्या मोजून काढली.

काका, एक विचारायचं होतं. घराचा तळमजला मी नव्याने काढतेय, बोर्ड साडेपाच फुटांवर, खाली कोटा दगड, न्हाणीच्या पाइपाला पाणी उलटं येऊ नये म्हणून झडप. ती झडप कुठे बसवायची, आतल्या चेंबरमध्ये की रस्त्याकडच्या? बाबा म्हणतात रस्त्याकडच्या. मला खात्री नाही.

---

रावपुरा७८ | २७ ऑक्टोबर, दुपारी २:१५

चेंबर बघितल्याशिवाय सांगणार नाही. उताराची दिशा बघायला लागेल, आणि गच्चीचं पाणी त्याच लायनीत सोडलंय का तेही. सोडलं असेल तर झडप बंद झाल्यावर तुमचंच पावसाचं पाणी तुमच्याच न्हाणीत भरेल, तेव्हा आधी ते वेगळं काढावं लागेल. रविवारी येतो. मोजपट्टी माझी आणतो, तीस मीटरची, कुणी जप्त करणार नाही. चहा चालेल, विश्वामित्रीचा नको.

---

पाटीपेन्सिल | २७ ऑक्टोबर, दुपारी २:२०

साडेनऊला या काका. गेल्या महिन्यात रंग दिला तेव्हा बाबांनी तेवढी एक पट्टी सोडायला लावली होती रंगाऱ्याला. रेघ आहे तशीच आहे.